एक पायरी वर

भुसारी साहेबांच्या जबलपूरजवळच्या महाराजपुरातल्या घरी नळाला दिवसभर पाणी असायचं. तरीही घरातली प्रत्येक बादली, घागर आणि मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात धुवायला बाथरूममध्ये शिरले आणि पाय ठेवायला जागा सापडेना. बाहेर येऊन वहिनींना विचारलं, "इकडे पाण्याची टंचाई आहे का हो?"

"टंचाई कशाची!" वहिनी म्हणाल्या. "यांना रिकामं भांडं पाहवत नाही. ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी नळाखाली बादली लावतात. लग्न झाल्यापासून हे भरून राहिले अन् मी ओतून राहिली."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण धरणावरच्या आमच्या नियंत्रण कक्षात हाच माणूस नेमका उलटा होता. तिथे त्यांना भरलेलं काही चालत नसे. चहावाल्यानं कप भरून दिला की अर्धा बशीत ओतून शेजारच्याला द्यायचे. टेबलाचा एक खण कायम मोकळा. कोणी त्यात फाईल ठेवली तर रागावायचे, आणि कशासाठी मोकळा ठेवलाय असं विचारलं की म्हणायचे, "कळेल."

"कळेल" हा त्यांचा आवडता शब्द. गेटं उघडायची का, साहेब? कळेल. मीटिंग किती वाजता? कळेल. एकदा त्यांना डोसा हवा की इडली असं विचारलं, तर त्यालाही तेच उत्तर आलं.

मला अशा माणसांचा त्रास होतो. मी सकाळी कामं लिहून काढणारी आणि संध्याकाळी त्यावर रेघ मारणारी बाई आहे. सहायक अभियंता म्हणून त्यांच्या हाताखाली आले तेव्हा वाटलं होतं की महिन्याभरात यांची रीत समजेल, मग काम सोपं. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते, आणि त्यांची रीत मला आजही पुरती समजलेली नाही.

आमचं काम मात्र दोन वाक्यांत सांगता येतं. धरण नर्मदेवर, जबलपूरच्या वरच्या अंगाला. पाणी मंडल्याकडून येतं, कालव्यानं शहपुऱ्याच्या शेतांना जातं आणि गेटं उघडली तर काही तासांनी शहराच्या घाटांवर चढतं. पावसाळ्यात जलाशय रिकामा ठेवला आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर हिवाळ्यात कालवा आटतो. भरून ठेवला आणि पाऊस आला, तर गेटं एकदम उघडावी लागतात आणि घाट बुडतात. बाकी सगळी आकडेमोड या दोन भीतींच्या मधली.

कोणत्या महिन्यात किती भरायचं याचं वेळापत्रक असतं. ऑगस्टअखेरपर्यंत वरचा भाग मोकळा सोडायचा, सप्टेंबर उतरता उतरता भरून घ्यायचा. पण ऑगस्टमध्येच तळं भरत आलं की सगळ्यांना मोह होतो. कालव्यावाले म्हणतात राहू द्या, वीजवाले म्हणतात राहू द्या, वरिष्ठ म्हणतात, "अरे भई, आया हुआ पानी काहे को बहाना?" तेव्हा भुसारी साहेब एकटे म्हणायचे, "रिकामं ठेवणं हेच आपलं काम. भरायचं काम पाऊस करतो." हे एकच वाक्य ते "कळेल" न जोडता बोलत.

आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटे. जबलपूरचा माणूस, जन्म इथला, दिवसभर नर्मदेच्या पाण्याचा हिशेब. पण ते कधी घाटावर जात नसत. नर्मदा जयंतीला सगळं शहर ग्वारीघाटावर लोटतं, आमचं ऑफिस अर्धं ओस पडतं, आणि साहेब खुर्चीत. का जात नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "गुडघा दुखतो." पुढच्या वर्षी विचारलं, तर म्हणाले सर्दीचा त्रास आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती ओळखेल मला." ही थट्टा होती की काय, हे मला चेहऱ्यावरून कळलं नाही. मी आकडे भरायला घेतले.

पण घाटावर त्यांचं एक माणूस होतं. रामकली. ती ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर फुलं आणि दिव्यांचे दोने, म्हणजे नदीत सोडायचे पानांचे द्रोण, विकते. ओळख झाली ती भांडणातून, आणि ते भांडण मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी आम्ही थोडंसंच पाणी सोडलं होतं. भोंगा वाजला होता, घाटावर गाडी फिरवून सूचनाही दिली होती. पण पाणी पायऱ्यांवर अंदाजापेक्षा जरा जास्त चढलं आणि तिच्या टोपल्या वाहून गेल्या. घाटावरच्या फलकावर आमच्या कक्षाचा नंबर रंगवलेला आहे. तिनं तो फिरवला. फोन साहेबांनीच उचलला, आणि तिचा आवाज आम्हाला टेबलापलीकडे ऐकू आला.

"कौन है उधर? किसने छोड़ा पानी?"

अशा वेळी आमच्या खात्यात एक ठरलेलं उत्तर असतं: ऊपर से आदेश था. ते आम्ही झोपेतही देऊ. साहेब म्हणाले, "मैंने."

या उत्तराची तिची तयारी नसावी. मग तिनं जे सुरू केलं ते साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधून मधून "हाँ" म्हणत होते. फोन ठेवायच्या आधी तिचा नंबर मागून घेतला, आणि मला म्हणाले, "निशाबाई, सूचना द्यायच्या लोकांच्या यादीत हे नाव घाला. कलेक्टरांच्या खाली."

"साहेब, ती फुलवाली आहे."

"म्हणून तर खाली. नाहीतर वर घातलं असतं."

तेव्हापासून गेटं उघडायच्या आधी सगळे सरकारी फोन मी करायचे आणि रामकलीचा फोन साहेब. "रामकली, बाँध से बोल रहा हूँ." "बोलो बाँध वाले." "शाम तक पानी आएगा. दसवीं सीढ़ी तक." आणि लगेच पुढे: "तू ग्यारहवीं पे रखना. जितना बोलूँ, उससे एक सीढ़ी ऊपर." ती नेहमी कुरकुर करायची, गिऱ्हाईक वर चढत नाही म्हणायची, आणि ठेवायची एक पायरी वर. पाणी सांगितल्यापेक्षा कमी चढलं तरी दुसऱ्या दिवशी तिचा फोन यायचा: "फोकट में चढ़ाया हमको! ठीक से नापना नहीं आता तो काहे बैठे हो?" साहेब फोन ठेवून त्या दिवशी चहाचा पूर्ण कप प्यायचे. "अख्ख्या शहरात हिशेब मागणारी ही एकटी," ते एकदा म्हणाले. एवढं बोलणं असून दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

साहेबांचं दुसरं माणूस शहपुऱ्याला होतं, त्यांचे थोरले बंधू. भोसल्यांच्या काळात कुणा पूर्वजाला तिकडे जमीन मिळाली, तिचा उरलेला तुकडा दादा कसत होते. हिवाळ्यात मटार आणि गहू, दोन्ही कालव्याच्या पाण्यावर. वडील लवकर गेल्यामुळे साहेबांचं शिक्षण दादांनी केलं होतं. दादा ऑफिसात आले की साहेब उभे राहायचे, आणि दादा आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "बस रे वसंता. काहून उभा राहून राहिला? साहेब आहेस ना!" दर गणपतीला साहेबांच्या घरची मूर्ती दादांच्याच हातानं बसायची. मोदक तळून व्हायचे, आम्हा ऑफिसवाल्यांना डबा यायचा.

एका वर्षी ऑगस्ट संपता संपता तळं वेळापत्रकाच्या बरंच वर गेलं. वरच्या खोऱ्यात मोठ्या पावसाचा इशारा होता. वरिष्ठांना गेटं उघडायची नव्हती. साहेबांनी टिपण लिहिलं, स्वतः घेऊन गेले, समोर बसून सही होईपर्यंत उठले नाहीत. आम्ही पाणी सोडलं, बरेच दिवस सोडलं. रामकली वर चढून बसली. आणि तो मोठा पाऊस बाजूनं निघून गेला. सप्टेंबर कोरडा. तळं भरलंच नाही.

त्या हिवाळ्यात कालव्याच्या पाण्याची शेवटची पाळी देता आली नाही. शहपुऱ्याकडचा गहू ओंबीत असताना सुकला. इतर शेतकऱ्यांनी ऑफिसबाहेर घोषणा दिल्या, निवेदन दिलं आणि गेले. दादा निवेदन द्यायला आले नाहीत. ते एकटे आले, साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. साहेबही उभे. दादांनी एकच विचारलं, "पाणी होतं ना रे तुझ्याजवळ?"

"होतं, दादा."

"मग?"

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता ते इशाऱ्याचं, वेळापत्रकाचं, खालच्या घाटांचं सांगतील. कागद माझ्यासमोरच होते, मी ते पुढेही सरकवले. पण ते म्हणाले, "पाऊस आला असता तर..." आणि थांबले. आला असता तर काय झालं असतं, हे न आलेल्या पावसाबद्दल कुणाला कसं दाखवणार? दादा वळले आणि चालू लागले. पुढच्या गणपतीला मूर्ती बसवायला ते आले नाहीत. मूर्ती साहेबांनी स्वतः बसवली. वहिनी मला म्हणाल्या, "मंत्र म्हणताना दारातच पाहून राहिले होते."

त्याच सप्टेंबरात, विसर्जनाला काही दिवस उरले असताना, धरणावर पुन्हा तोच पट मांडला गेला. तळं चढलेलं, वर ढग, इशारा. मी आपली तयारीला लागले: कुणाकुणाला फोन, कोणती गेटं आधी, टिपणाचा मसुदा. आणि त्याच संध्याकाळी साहेबांच्या घरी आरतीला दादा आले. मी तिथेच होते. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, आरतीत आवाज मिसळला. साहेबांच्या हातातली घंटा क्षणभर थांबली आणि मग फार जोरात वाजू लागली. पाण्याचा विषय कुणी काढला नाही. निघताना प्रसाद हातावर घेऊन दादा इतकंच म्हणाले, "यंदा भरलंय म्हणतात."

"हो, दादा."

"चला, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसुदा पुढे ठेवला. साहेबांनी वाचला. पेन उघडलं, बंद केलं.

"थांबू," ते म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, नक्की? गेल्या वर्षी याच पातळीला आपण..."

"गेल्या वर्षी आला होता का पाऊस?"

"नाही."

"मग?"

हा "मग" दादांचा होता. आवाजसुद्धा. मी मसुदा परत उचलला, कारण खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. तो निर्णय चूक होता असं मी तेव्हा म्हणू शकले नसते. वरिष्ठ खूश झाले. "अब आए रास्ते पे भुसारी जी," म्हणाले.

पाऊस या वेळी आला. मंडल्याकडून आवक अशी वाढत गेली की आदल्या तासाचा आकडा लिहून होईपर्यंत खोटा ठरावा. भर दुपारी एकामागून एक सगळी गेटं उचलावी लागली. साहेब शांत होते, आदेश स्पष्ट होते, एकदाही "कळेल" म्हणाले नाहीत. मधेच त्यांनी फोन उचलला.

"रामकली, बाँध से. सब उठा. अभी."

"कौन सी सीढ़ी?"

"सीढ़ी नहीं. सड़क पे जा."

माणसं सगळी वेळेत वर आली. कुणाचा जीव गेला नाही. रामकलीनं फुलं, दोने, तेल सगळं हलवलं. पण तिची लाकडी गुमटी, म्हणजे दुकानाची टपरी, जमिनीत खांब रोवून उभी केलेली होती. ती उपटायला वेळ लागतो, आणि तो वेळ आम्ही तिला दिला नव्हता. गुमटी गेली. घाटावरच्या तशा कितीतरी गेल्या.

यानंतर जे झालं ते मी कितीदा जुळवून पाहिलं, पण अजून जुळत नाही. उघडी गेटं पाहायला अख्खं शहर धरणावर आलं. मुलांना खांद्यावर घेऊन लोक तुषार अंगावर घेत होते, मक्याची कणसं खात होते. तळं तुडुंब भरलं म्हणून ऑफिसात पेढे वाटले गेले, साहेबांना शाल आणि नारळ मिळाला. कालवा त्या हिवाळ्यात शेवटपर्यंत वाहिला. मटाराच्या दिवसांत दादा स्वतः पोतं घेऊन ऑफिसात आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बस रे वसंता!" साहेब बसले. आम्ही मटार वाटून घेतले. साहेबांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर धरून ठेवले आणि मला हळूच विचारलं, "निशाबाई, गेल्या वर्षी मी बरोबर होतो की या वर्षी?"

मी म्हटलं, "साहेब, या वर्षी तर सगळे खूश आहेत."

"तेच तर," ते म्हणाले. "तेच समजून नाही राहिलं."

पुराला काही दिवस झाले तेव्हाच ते पहिल्यांदा घाटावर गेले होते. एकट्यानं जायला धजले नाहीत म्हणून मला बरोबर घेतलं. पायऱ्यांवरचा गाळ अजून काढणं चालू होतं. रामकली ताडपत्री टाकून बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या डोक्यात तिच्या आवाजावरून उंच धिप्पाड बाई होती. ही जेमतेम माझ्या खांद्याला लागेल. साहेब समोर उभे राहिले, तर तिनं गिऱ्हाईक समजून दोना पुढे केला.

"रामकली," साहेब म्हणाले, "मैं."

आवाज ओळखून ती ताडकन उठली. मला वाटलं आता सुरू होईल. साहेबांनाही वाटलं असावं. त्यांनी खांदे थोडे पाडले, मान पुढे केली, शाळेत मास्तरांपुढे करावी तशी. पण तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"बाबूजी, फोन कर दिया, जान बच गई."

"गुमटी गई तेरी."

"मैया आई थी, मैया ले गई. उसमें आप क्या करते?"

"मैया नहीं. मैंने रोक के रखा था. पहले छोड़ता तो..."

"अरे नहीं, बाबूजी!" तिनं समजूत घालावी तसं म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं, यांना जरा सावली दाखवा अशा अर्थानं. साहेबांनी आणखी एकदा प्रयत्न केला. तिनं हात जोडले. शेवटी त्यांनी दोना घेतला, पैसे दिले, आणि तो नदीत न सोडता तसाच हातात धरून जीपपर्यंत आले. मला म्हणायचं होतं की तुम्हाला माफ केलंय तिनं, मग बिघडलं काय? पण त्यांचा चेहरा माफी मिळालेल्या माणसाचा नव्हता. फोन लावावा, तो कुणी उचलू नये, असा तो चेहरा होता.

निवृत्तीनंतर ते रोज घाटावर जाऊ लागले. गुडघा, सर्दी, काही आड आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "घरातल्या बादल्या आता रिकाम्या असतात हो. मलाच कसंतरी वाटते." रामकलीला नवी गुमटी मिळाली होती, कुणी दिली हे मी विचारलं नाही. साहेब तिच्या बाजूला पायरीवर बसायचे, दोने लावायला मदत करायचे आणि ती त्यांना आदरानं चहा पाजायची. भरलेला कप. तो ते निमूट प्यायचे. आता त्यांचंही नाव माझ्या फोनच्या यादीत आहे, रामकलीच्या खाली.

गेल्या ऑगस्टमध्ये मी पाणी सोडायचं ठरवलं. तळं वेळापत्रकाच्या वर होतं, इशारा होता. पण साहेबांची ती दोन वर्षं डोक्यात अशी गुंतली होती की सही करताना माझा हात थांबला. कुठलं वर्ष धडा मानावं? शेवटी सही केली. फोन केले, आणि दुपारी घाट मोकळा झाला का ते पाहायला स्वतः गेले.

दोघं भांडत होती, म्हणजे रामकली भांडत होती. साहेब झेंडूची टोपली उचलून वर नेऊन राहिले होते आणि ती खालून ओढून राहिली होती.

"मॅडम ने दसवीं बोला है, बाबूजी! दसवीं!"

"एक ऊपर रख."

"कौन चढ़ेगा उधर? धंधे का टाइम है!"

"रामकली, पानी का भरोसा नहीं. जितना बोलें उससे..."

"अरे, हमको मत सिखाओ!" तिचा तोल सुटला. फोनवरचा तो जुना आवाज सगळ्या घाटावर घुमला. "उस साल पूरी गुमटी बहा दी हमारी, तब कहाँ था तुम्हारा भरोसा? अब टोकरी पे ज्ञान दे रहे हैं!"

बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. पदर तोंडावर धरला. आजूबाजूचे दोघे-तिघे थांबून पाहायला लागले.

भुसारी साहेब टोपली हातात धरून उभे होते. "क्या बोली?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं, बाबूजी. गुस्से में..."

"नहीं, नहीं. फिर से बोल."

ती खाली मान घालून, पण स्पष्ट बोलली, "हमारी गुमटी बहा दी तुमने."

"हाँ," साहेब म्हणाले. "मैंने."

मग त्यांना मी दिसले. "ऐकलं ना, निशाबाई?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. पण मान ताठ होती. मी त्यांना सांगायला लागले की किती पाणी सोडलंय, का सोडलंय, आणि खरं तर विचारायचं होतं की सोडलं ते बरोबर का. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कळेल."

पाणी यायला अजून अवकाश होता. त्यांनी गुडघ्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं टोपली कडेवर घेतली आणि दहावी पायरी ओलांडून अकरावीवर नेऊन ठेवली. रामकली खालून पाहत राहिली. मग पुटपुटत दिव्यांचे दोने उचलून ती त्यांच्या मागोमाग वर चढू लागली.